भिंतीपलीकडचा ठिपका

कुडव्यातला माझा शेजारी तिरोड्याला ड्युटीला जातो आणि प्रत्येक वाक्य ‘बघा, असं आहे’ म्हणून सुरू करतो. घरभर रेडिओ लहरींवर, बिनतारी चालणारे दिवे आणि प्लग लावायचा त्याला नाद. एकदा माझ्याही बैठकीत एक प्लग लावून गेला. ‘बघा, असं आहे भाऊ, याचं बटन बंद करू नका.’ कशासाठी, ते बोलला नाही.

सौंदडला लग्नाला जाताना मी सवयीने सगळी बटनं बंद केली.

परत आलो तर शेजारी लॅपटॉप घेऊन दारात उभा. लॅपटॉपला पेनड्राइव्हसारखी, बिनतारी सिग्नल पकडणारी कांडी खोचलेली. पडद्यावर त्याच्या घराचा नकाशा होता. सगळे ठिपके रेघांनी जोडलेले, एकच सुटा.

त्या सुट्या ठिपक्यावर त्याने बोट ठेवलं. ‘बघा, असं आहे, हा मायच्या खोलीच्या दारावरचा सेन्सर. तिची खोली तुमच्या भिंतीला लागून, म्हणून याचं सिग्नल तुमच्या प्लगातून माझ्याकडं येते. मायले आजकाल ध्यान राहत नाही, दार उघडून निघून जाते.’

‘मग आधी काऊन नाही सांगितलं?’

या वेळी ‘बघा’ आलं नाही. ‘मायचं असं कोणाले सांगू वाटत नाही, भाऊ.’

आता त्या बटनावर मी चिकटपट्टी लावली आहे. पाहुण्यांनी विचारलं की सांगतो, बटन खराब आहे.