झोपलेली आजी आणि दहावा मणी

हे किस्से सांगायचे नाहीत, असं आत्याने बजावलंय. "आज आईला जाऊन वर्ष झालं, तिच्यासाठी मिस्साची प्रार्थना आहे, फादर येणार आहेत. तिचं चांगलं तेवढं आठवायचं!" पण आमच्या आजीचं चांगलं आठवायला बसलं, की असलंच काहीतरी वर येतं. एक सांगितला की त्याच्या मागे दुसरा उभाच! मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून मागच्या ओट्यावर बसून तुमच्यासाठी लिहून काढते. पुढे अंगणात चटया टाकणं चाललंय.

आधी थोडी ओळख. आजीचं नाव रेजिना. अक्कलकुव्याच्या पुढे खापर गाव, त्याच्या वर डोंगराकडे आमचं गाव. आजी घरात भिलीच बोलायची, प्रार्थना तेवढी मराठीत. रोज संध्याकाळी घरात रोझरी व्हायची. माळेत दहा-दहा मण्यांचे गट; आजी एकेका मण्यावर 'नमो मारिया' सुरू करायची आणि बाकीचे पुढचं म्हणायचे. कुणी आजारी असो, लाईट जावो, पाहुणे येवोत, रोझरी चुकायची नाही.

तर मूर्तीचा किस्सा.

आमच्या घरच्या मारियामातेचा हात मोडला. शहाद्याला गणपती करणारे एक मूर्तिकार होते, त्यांनी तो इतका सुंदर जोडला की आजी खूश! मूर्ती लुगड्यात गुंडाळून ती एसटीत चढली. गाडी खचाखच.

कंडक्टर म्हणाला, "माय, गाठोडं खाले ठेव."

"गाठोडं नाही, मारियामाता आहे. हिचं हाफ तिकीट दे."

"मूर्तीले तिकीट नही लागस, माय!"

"दे तू. तिकीट असलं की सीट मागता येते."

कंडक्टर हसला आणि एका कॉलेजच्या पोराला म्हणाला, "ऊठ रे भो, देवनी माय उभी शे!"

पोरगा उठला. आजीने मूर्ती सीटवर नीट बसवली आणि स्वतः अक्कलकुव्यापर्यंत शेजारी उभी राहिली!

घरी येऊन लुगडं सोडलं तर मारियामातेच्या कपाळावर ठसठशीत लाल कुंकू! मूर्तिकाराने आपल्या सवयीने, मनापासून लावलेलं. फादर घरी आले, त्यांनी पाहिलं.

"रेजिनाबाई, हे काय?"

"लेकराची आई आहे, फादर. शोभतं तिला."

"शोभतं, पण..."

"सोमवारी पुसते."

कुठल्या सोमवारी, ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. कुंकू अजून आहे!

संत अंतोनींचा फोटो मात्र आजीला घाबरून असायचा.

हरवलेलं सापडावं म्हणून त्यांची प्रार्थना करतात. आजी प्रार्थना करायचीच, पण सोबत फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवायची. "सापडलं की वळवीन!" एकदा आमची शेळी हरवली. फोटो वळला. दुसऱ्या दिवशी शेळी आली, बरोबर खालच्या पाड्यावरच्या जयसिंगकाकांचा बोकड! मागून काका धापा टाकत आले.

"मावशी, तुझ्या देवाला सांग, तुझं तेवढंच परत आणायचं!"

आजीने फोटो सरळ केला आणि त्याला म्हणाली, "ऐकलंस?"

होळी आमच्याकडे सगळ्यात मोठा सण. पण ती दरवर्षी नेमकी उपवासकाळात येते, ईस्टरच्या आधी. आजी त्या दिवसांत मटणाला शिवायची नाही. चाळीस दिवस चहासुद्धा बिनसाखरेचा. मात्र ढोल वाजला की आजी गोलात! एका वर्षी नवीन फादर आले होते. त्यांनी रविवारी मिस्सानंतर हळूच विचारलं, "आजी, उपवासकाळात नाच?"

"उपवास तोंडाला धरलाय, फादर. पायांना नाही!"

पुढच्या होळीला ते फादर कडेला उभे राहून पायाने ठेका धरत होते. मी पाहिलंय.

आता शेवटचा. हा आत्यालाही माहीत नाही.

जाण्याआधी काही महिने आजी रोझरीत पेंगायला लागली. 'नमो मारिया' म्हणता म्हणता मान खाली! रोझरी तिथेच अडकायची. तिच्या शेजारी मी. मणी पुढे सरकवायला कुणीतरी हवं ना? मी कसंबसं म्हटलं. माझा आवाज म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, वर्गात हजेरी दिली तरी मॅडम गैरहजेरी लावतात! पण आजी रोज पेंगायची आणि मला रोज म्हणावं लागायचं. आधी एखादा मणी, मग दहाचे दहा. शेवटी आजी बरोबर जागी व्हायची आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने, "आमेन!"

आत्या म्हणायची, "आई थकलीय, डॉक्टरला दाखवू."

एके दिवशी गडबडीत मी नऊच मणी म्हटले आणि पुढे जाणार, तोच माझ्या गुडघ्यावर टक् टक्! आजीचं बोट. डोळे मिटलेलेच. एक राहिला, असं बोट सांगत होतं.

सगळे उठल्यावर मी तिला धरलं. "आजी! तू झोपतच नाहीस!"

"हळू बोल! आत्याला कळलं तर उद्यापासून ती म्हणायला लागेल."

"मग म्हणू दे की."

"तिला येतंच. मी गेल्यावर तू तोंड उघडणार आहेस का, ते मला बघायचंय."

मग आमचा खेळच झाला. मी मुद्दाम नऊवर थांबायची, आजी टक् टक् करायची.

त्या संध्याकाळी आजी खाटेवर आडवी होती. मी खाली, तिच्या हाताला गुडघा लावून बसलेली. नऊ मणी झाले, मी थांबले. बोट हललं नाही. मी हसू दाबलं आणि वाट पाहिली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग दहावा मणी मी मोठ्याने म्हटला, अंगणात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. रोझरी संपली. आमेन आलं नाही. आत्या एकदम उठून खाटेजवळ आली. मी आजीचं बोट धरून हळूच माझ्या गुडघ्यावर...

"जसिंताऽ! कुठे आहेस? फादर आणि सिस्टर आले, अंगण भरलंय! सिस्टरना सांगू का रोझरी सुरू करायला?"

"नको आत्या! सिस्टरना नको, आज मी म्हणते!"