दिसल तेवा खरं म्हणणारी

त्या संध्याकाळी आम्ही दोघं नवरा-बायको रोह्यात एका कंपनीच्या लॉनवर गुडघे टेकून हुमण्या वेचत होतो. हुमणी तुम्ही बघितली नसेल. भुंगेऱ्याची पांढरी, वाकडी अळी. मातीत बसून गवताची मुळं खाते. वरून सगळं बरं दिसतं, आणि ओढलं की गवत गोधडीसारखं हातात येतं.

मी तिथला माळी, ती हाताखालच्या पाच बायकांतली एक. पेणजवळच्या जोह्याची, मूर्ती घडवणाऱ्या गावची लेक. गणपतीची माती मळून बोटं अशी झालेली की न बघता अळी उचलायची. विश्वास मात्र कुणावर नाय. दूधवाल्याच्या तोंडावर दुधात बोट बुडवायची. मी देवाची शपथ घेतली तरी म्हणायची, "दिसल तेवा खरं."

त्या वर्षी साहेबानं नवं औषध आणलं. म्हणाला, "यानं अळी लगेच मरत नाही. तिला कात टाकता येत नाही, वाढ खुंटते, मग मरते. तोवर कुणी हात लावायचा नाही."

"मरत नाय ते औषध कसलं?" ती मला म्हणाली. "लॉन गेलं तर हितं फरशी घालतील. मग पाच जणींनी काय फरशी वेचायची?"

साहेबाची गाडी गेली की खुरपं घेऊन बसायची. मी आधी ओरडलो. मग मीपण शेजारी बसलो. बायकोपुढं कुणाचं चाललंय?

त्या संध्याकाळी साहेब अचानक परत आला. तिनं खुरपी पदराखाली घातली. त्यानं गवत ओढून बघितलं, मुळं घट्ट. खूश झाला. "औषध लागू पडलं रे! आता वेचायला बायका नकोत. उद्या सांग त्यांना."

वाटेत ती म्हणाली, "अवो, अळ्या वेचून आपणच त्या औषधाला पास केलं. चौघींच्या पोटावर पाय आला. उद्या मी सांगते साहेबाला. तुम्ही बोलू नका, नोकरी जाईल."

घरी चहा ठेवायला बसली ती चुलीपुढंच कलंडली. डाक्टर म्हणाला, हार्ट, गेली. मी त्याला तिला दोनदा तपासायला लावलं.

सकाळी कुंडलिकेच्या काठी अग्नी दिला, बुडी मारली आणि ओल्या धोतरानं कंपनीत गेलो. वॉचमन म्हणाला, "दादा, सुतकात कुठं?" मी थांबलो नाय. साहेबाला सगळं सांगितलं.

"म्हणजे औषध चालतं की नाही?"

"म्हायत नाय साहेब. आम्ही चालूच दिलं नाय."

मी बाहेर आलो. चौघी गेटाबाहेर अडवलेल्या उभ्या होत्या. कुणाला न विचारता गेट उघडलं आणि त्यांना वेचायला आत घेतलं.