पोटाला टाके पडले तेव्हा

देवीचं नाव घ्यावं आणि मनात काहीच उमटू नये, अशी माझी अवस्था बरेच महिने होती. दुसरी लढाई सुरू होण्याआधीची ही गोष्ट. आम्ही तळेगावात राहत होतो. यजमान शाळेत शिक्षक, घरात सासूबाई, तीन मुलं आणि त्यांच्या पाठीवर झालेली जुळी. जुळ्यांच्या बाळंतपणातून मी उठले खरी, पण पोट काही जागेवर गेलं नाही. पट्टा घट्ट बांधून पाहिला, शेक घेतला, काढे घेतले. पोटाची सैल कातडी खाली लोंबायची, उन्हाळ्यात तिच्या घडीत चिघळायचं, आणि बेंबीच्या वर एक फुगवटा येऊ लागला होता. खोकलं की बाहेर, आडवं झालं की आत. हळदीकुंकवाला गेले की कुणीतरी हळूच विचारायचं, "पुन्हा दिवस गेलेत का हो?" मी हसून नाही म्हणायचे आणि पदर पुढं ओढून घ्यायचे. कार्ल्याच्या डोंगरावरची एकवीरा आमची कुलस्वामिनी. लेकरं तुझीच, मग माझ्या अंगाकडे तुझं लक्ष कसं नाही, असं मी तिला दिवा लावताना एकदा विचारलंही होतं.

फुगवटा वाढला तेव्हा यजमान मला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी मला आडवं करून नुसतं डोकं उचलायला सांगितलं. पोटाच्या मधोमध उभा उंचवटा आला. ते म्हणाले, "पोटाचे दोन्ही बाजूंचे स्नायू मधून फाकलेत. बेंबीपाशी भोक पडलंय, त्यातून आतडं डोकावतं. एखाद्या दिवशी ते तिथंच अडकलं तर जिवावर बेतेल. स्नायू टाक्यांनी जवळ आणायचे आणि वरची फाजील कातडी काढून टाकायची, असं ऑपरेशन करता येईल." पोट पहिल्यासारखं होईल का, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. पहिल्यासारखं होणार नाही, म्हणाले, एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत वण राहील, बेंबीही कदाचित जाईल. शिवाय पुन्हा दिवस गेले तर टाक्यांवर ताण येईल, तेव्हा मुलं आता पुरे असं दोघांनी ठरवूनच या. वजन थोडं उतरवा, मिश्री सोडा, आणि खोकला असेल तर मी हात लावणार नाही. क्लोरोफॉर्मचा धोका असतो, जखम पिकण्याचाही असतो, हेही त्यांनी लपवलं नाही.

घरी आल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "देवानं दिलेल्या अंगाला कातर लावायची? आमच्या वेळी पोटं सुटत नव्हती होय?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, भीती होती. त्यांची धाकटी बहीण दवाखान्यात गेली ती परत आली नव्हती. यजमान म्हणाले, तू म्हणशील तसं. मला मात्र ठरवता येईना. क्लोरोफॉर्मखालून उठले नाही तर जुळ्यांना कोण बघणार, हा विचार आला की मी रात्री उठून त्यांचं पांघरूण सारखं करत बसायचे. शेवटी ठरलं, एकवीरेला जायचं, कौल लावायचा आणि ती सांगेल तसं करायचं.

मळवलीला आगगाडीतून उतरलो आणि बैलगाडीनं डोंगराच्या पायथ्याशी गेलो. यजमान डोली करू म्हणत होते. देवीकडे पायीच जायचं, असा माझा हट्ट. निम्म्या वाटेवर मला दम लागला. मग बेंबीपाशी कळ आली. हात लावून पाहिलं तर फुगवटा दगडासारखा घट्ट झालेला, काही केल्या आत जाईना. मळमळू लागलं. यजमान घाबरून डोलीवाले बघायला खाली धावले आणि मी पायरीच्या कडेला ओटीची पिशवी कवटाळून एकटी बसले. डॉक्टर म्हणाले ते हेच, असं वाटलं. देवीला हाक मारावी एवढंही सुचलं नाही.

वरून एक बाई उतरत होत्या. वयानं माझ्याहून मोठ्या, हातात रिकामं ताट. माझा चेहरा पाहून थांबल्या. मी पोटावर हात दाबून धरला होता, तो त्यांनी आधी बाजूला केला.

"दाबू नगा, ताई. उताणं व्हा हितंच. गुडघं वर घ्या."

वाटेवरून माणसं येत-जात होती. मला लाज वाटली. त्यांनी आपल्या लुगड्याचा पदर आडवा धरून माझ्यापुढं आडोसा केला आणि माझं डोकं मांडीवर घेतलं. "पोट ढिलं सोडा. रडू नगा, रडलं की पोट आवळतं. हळूहळू श्वास घ्या." त्यांनी पोटाला बोटसुद्धा लावलं नाही. माझ्या कपाळावर हात ठेवून त्या नुसत्या बसून राहिल्या. किती वेळ गेला कोण जाणे. कधीतरी आत काहीसं गुरगुरलं आणि तो गोळा आपोआप बसला. कळ थांबली.

मला रडूच आलं. कुठं चाललो, कशाला चाललो, सगळं त्यांना सांगून टाकलं. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, पदर सरकवला आणि आपल्या पोटावरचा वण दाखवला. पांढरा पडलेला, दोरीसारखा.

"मलाबी ह्येच झाल्तं. माझं आतडं अडाकलं, तवा उचलून न्हेलं दवाखान्यात. तुमी चालत जाऊ शकताय, तर चालत जा."

"पण मावशी, कौल..."

"दुखतंय हितं, आन् इचारायला वर कशापायी जाताय? ती काय निस्ती वरच बसलीया व्हय?"

मग माझ्या हातातली ओटी घेऊन त्या माझ्या वतीनं पुन्हा पायऱ्या चढून देवळापर्यंत गेल्या, प्रसाद आणून माझ्या हातावर ठेवला. तोवर यजमान डोलीवाल्यांना घेऊन आले होते. मावशी माझ्याबरोबर खाली आल्या आणि वाटेत जे जे सांगत गेल्या ते मी आजही विसरले नाही. पहिले काही दिवस सरळ उभं राहायला जाऊ नका, म्हातारीवानी वाकून चाला. शिंक आली की उशी पोटाशी धरा. वणाच्या भोवती बधिर होतं, त्याला भ्यायचं नाही. आपण तिकोणा पेठ गावच्या, एवढंच त्यांनी सांगितलं. नाव विचारायचं मला भान नव्हतं.

पुढल्या आठवड्यात मी दवाखान्यात भरती झाले, पण मला खोकला झालेला. डॉक्टरांनी परत पाठवलं. हा देवीचा नकार, असं सासूबाई म्हणाल्या. माझ्या मनात मात्र या वेळी तसं काही आलं नाही. मी खोकला जाईपर्यंत थांबले आणि पुन्हा गेले. टेबलावर निजवून नाकावर जाळी ठेवली, क्लोरोफॉर्मचा गोडसर वास आला, आकडे मोजा म्हणाले. मी आकडे मोजले नाहीत. "आई, आता तुझं तू बघ," एवढंच मनात म्हणाले. त्यापूर्वी कितीतरी वेळा हे वाक्य तोंडाने म्हटलं होतं. त्या दिवशी ते खरं होतं, कारण माझ्या हातात दुसरं काही उरलंच नव्हतं.

जाग आली तेव्हा उलट्या होत होत्या आणि प्रत्येक उलटीला पोट फाटतंय असं वाटत होतं. गुडघ्याखाली उशा, पोटावर रुंद पट्टा, कुशीतून घाण पाणी बाहेर काढणारी रबराची नळी. काही दिवसांनी ताप चढला आणि जखमेच्या एका कोपऱ्यातून पाणी येऊ लागलं. डॉक्टरांनी तिथला टाका सोडला आणि ते वाहू दिलं. ताप उतरायला वेळ लागला. त्या काळात सासूबाई रोज दवाखान्यात यायच्या, माझी वेणी घालायच्या, मला भांडं द्यायच्या. मला फार संकोच वाटायचा. मी उठायला गेले की त्या म्हणायच्या, "पडून राहा गं. मी आहे ना." एकदा पट्टी बदलताना त्यांनी जखम पाहिली. जन्मभर गोधड्या शिवलेली बाई. बराच वेळ बघून म्हणाल्या, "टाके एकसारखे घातलेत. हात चांगला आहे त्याचा." त्या दिवसापासून त्यांनी कातरीचं नाव काढलं नाही.

घरी आल्यावर कित्येक महिने पाण्याची कळशी उचलायची नाही, जुळ्यांना कडेवर घ्यायचं नाही. मुलं हात पसरायची तेव्हा जीव तुटायचा. मी खाली बसायचे आणि ती मांडीवर चढायची. पोट सपाट झालं, पण तरुणपणीचं झालं नाही. वण जाड राहिला, पावसाळी हवेत तो खाजतो, आणि त्याखालची जागा अजूनही परकी लागते. पण फुगवटा पुन्हा आला नाही, कंबर धरायची ती थांबली, आणि हळदीकुंकवात मला कुणी काही विचारेनासं झालं.

दिवाळीनंतर आम्ही तिकोणा पेठेला गेलो. पोटाचं ऑपरेशन झालेल्या बाई कुठं राहतात, असं विचारल्यावर घर लगेच सापडलं. मावशी खळं सारवत होत्या. मी समोर उभी राहिले, तर त्यांनी मला ओळखलंच नाही. "कंच्या ताई म्हणायच्या?" मी पायरीची, लुगड्याच्या आडोशाची आठवण दिली. जरा विचार करून त्या म्हणाल्या, "व्हय व्हय. बसलं का टाकं नीट?"

आमच्या आळीत आजही म्हणतात की त्या दिवशी देवीच पायऱ्या उतरून आली. मी तसं म्हणत नाही. मावशींना घर आहे, नवरा आहे, म्हशीची धार काढायची असते. ज्या घटकेमुळं माझा जीव वाचला ती त्यांच्या लक्षातही नव्हती, एवढंच मला ठाऊक आहे. देणाऱ्याला आपण काही दिलं याची आठवण नसावी, आणि घेणाऱ्याला आपण काही मागितलं याचंही भान नसावं, असं काहीतरी त्या निम्म्या वाटेवर घडलं. मी देवीला प्रश्न विचारायला निघाले होते. तो विचारण्याआधीच कुणीतरी माझं डोकं मांडीवर घेतलं.

मी पुढं होऊन पाया पडू लागले, तशा त्या मागं सरकल्या. "अवं ताई, शेणानं भरल्यात पाय."

मी त्या पायांवर डोकं ठेवलं.