चौथा भाग

लोणंद स्टेशनच्या बाकावर तो माझ्या शेजारी बसला होता. अंगावर शिरवळच्या कुठल्याशा कारखान्याचा मळका गणवेश, वर लांब बाह्यांचा स्वेटर. मोबाईल मांडीवर टेकवून तो गेम खेळत होता आणि दर दोन मिनिटांनी त्याचा योद्धा मरत होता. राक्षस-जादूच्या त्या मालिकेचे चारही भाग मी खेळलोय. मला राहवेना.

"हा चौथा भाग ना? पोरखेळ आहे हो. खरा अवघड पहिला."

तो चिडला नाही. "समदी असंच म्हणत्यात. पयला मी आठ दिसांत संपवला. ह्यात तीन महिनं एकाच राक्षसापाशी अडकलोय."

"असं कसं?"

त्याने डावी बाही वर सरकवली. अंगठा आणि करंगळी, एवढीच बोटं होती. मधली तिन्ही कारखान्यातल्या प्रेस मशीननं नेली, असं तो म्हणाला.

"पयला धा बोटांनी खेळलो व्हतो, दादा. ह्यो सातांनी खेळतोय."

"मग सोपी पातळी लावा की."

"न्हाई," तो म्हणाला. "तेवढं न्हाई लावायचं."

बाही खाली ओढून त्याने पुन्हा खेळ सुरू केला. योद्धा पुन्हा मेला.

चौथा भाग मी सोप्या पातळीवर संपवला होता. ते मात्र त्याला सांगितलं नाही.