रिबकाआक्काचा नववा शब्द

रिबकाआक्का दारात उभी राहून माणसं मोजायची, पण आकड्यानं नाही. आमच्या बेने इस्रायल लोकांत प्रार्थनेला जमलेली माणसं एक, दोन, तीन अशी मोजत नाहीत, अशुभ मानतात. त्यासाठी इब्रानीतलं दहा शब्दांचं एक वचन आहे. आत येणाऱ्या दर पुरुषामागं एक शब्द म्हणायचा. दहावा शब्द झाला की मिन्यान झालं, म्हणजे दहा पुरुष जमले. मग पेटीतून तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर काढता येते, मेलेल्यासाठी कद्दिश म्हणता येतो. नऊ असतील तर आपापली प्रार्थना पुटपुटायची आणि घरी जायचं.

बेळगावात आमची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सिनेगॉग नाही. कॅम्पातल्या हनोक मुकादमांच्या बंगलीतला पुढचा हॉल हीच आमची प्रार्थनेची जागा. मुकादम म्हणजे आमच्या मंडळींचा पुढारी. दर शब्बाथला, शनिवारी सकाळी, आक्का त्या हॉलच्या दारात उभी राहायची आणि ओठ न हलवता मोजायची. हनोक मुकादम आले की मात्र तिचं तोंड मिटायचं. त्यांच्या वाटणीला ती शब्दच द्यायची नाही. दहा पुरुष बसलेले असले तरी आक्काच्या मोजणीत नऊच भरायचे.

एकदा मुकादमांनी हसत विचारलंही, "काय रिबका, आमचा नंबर कितवा?"

"तुमचा शब्द माझ्याजवळ न्हाय, मुकादम," आक्का म्हणाली आणि बायकांच्या बाजूला जाऊन बसली.

हे वैर कशाचं, ते सांगतो. आक्काचे वडील शिमोनआप्पा आमचे हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे. गळा असा, की शेजारचा मागवाला माग थांबवून ऐकायचा. शहापुरात दोन खोल्यांचं घर, एका खोलीत आक्काचं शिलाई मशीन. विणकरांच्या साड्यांना फॉल लावून ती घर चालवायची. लग्न केलं नाही. आप्पांना मुलगा नव्हता, ही एकच लेक.

एका शब्बाथला मुकादमांकडं मुंबईचे बडे पाहुणे आले होते, सगळ्या बायकाच. मुकादमांना त्यांच्यापुढं तोरा काढून मिरवायचं होतं. पुरुष मात्र नऊच जमले. "काढा हो शिमोन," मुकादम म्हणाले, "एकानं काय होतंय!" आप्पा पेटीपुढं हात बांधून उभे राहिले. "एकानंच होतंय, मुकादम. दहा न्हाईत. पेटी उघडायची न्हाय." पाहुण्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मुकादमांचा चेहरा लाल झाला. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "बरं. तुमच्या वेळी बघू."

ती वेळ दीड वर्षानं आली. आप्पा गेले. मी तेव्हा कॉलेजात होतो. आमच्यात बायका दफनाला जात नाहीत, पण आक्का आली. लेकीशिवाय त्या माणसाला होतंच कोण? कबरीत माती लोटून झाली. कद्दिश म्हणायची वेळ आली, तेव्हा नऊच जण उभे. दहावे हनोक मुकादम कबरस्तानाच्या गेटाबाहेर एका दगडावर उभे होते, पांढरी टोपी घालून, हात मागं बांधून.

आक्का चालत त्यांच्यापर्यंत गेली. आम्ही सगळे ऐकत होतो.

"मुकादम, आत या. आप्पांचा कद्दिश राह्यलाय."

"दहा पाहिजेत म्हणत होता न्हवं तुझा बाप?" मुकादम म्हणाले. "मोजत बसा आता."

आणि माणूस दगडावरून हलला नाही. सूर्य बुडाला, आम्ही परतलो. आप्पांना नऊ माणसांत पुरलं.

पुढं दर शब्बाथला असंच. आप्पांचा कद्दिश म्हणायला कुणी उभा राहिला, की मुकादम पान थुंकायला म्हणून व्हरांड्यात जायचे आणि म्हणणारा खाली बसेपर्यंत तिथंच पिचकाऱ्या मारायचे. घर त्यांचं, हॉल त्यांचा, कोण बोलणार? मीही बोललो नाही. त्याची लाज अजून वाटते.

ठाण्याच्या एका नातेवाइकानं सुचवलं की तिकडं माणसं पुष्कळ आहेत, आम्ही म्हणवून घेतो कद्दिश. आक्कानं मशीनवरचा पायही थांबवला नाही. "माझा बाप ठाण्यात मेला व्हय? हितं मेला. हितंच म्हणायचं, आणि त्या मुकादमाच्याच डोळ्यादेखत."

मला तिचा एवढा पुळका का, हेही सांगायला हवं. माझे वडील गेले तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. नुकताच मोजणीत धरला जाऊ लागलो होतो, आणि कद्दिश मलाच म्हणायचा होता. एक अक्षर येत नव्हतं. आक्कानं मला मशीनशेजारी बसवलं. तीन दिवस साडीला फॉल लावता लावता एकेक ओळ म्हणून घेतली. चुकलो की मशीन थांबायचं. रडायला लागलो की म्हणायची, "रड की. पर ओळ सोडू नकोस. रडतानाबी म्हणता येतंय." दहा माणसं गोळा करायला शिमोनआप्पा तापात उठून घरोघर हिंडले होते. माझ्या बापाला त्यांच्यामुळं कद्दिश मिळाला. आणि त्यांच्या वेळी मी नऊतला एक होतो, बस्स.

आक्कानं नंतर आमची सगळी पोरंबाळं शिकवली. शुक्रवारी दुपारी तिच्या त्या खोलीत इब्रानीचा वर्ग भरायचा. मशीनवर पाय, तोंडात सुई, आणि कान पोरांवर. वर्ग सुटला की काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाच्या पेल्यासाठी, बाटल्यांत भरून घरोघर पाठवायची, मुकादमांचं घर सोडून. तरी त्यांचा मुलगा डॅनियल वर्गाला यायचा आणि त्याला ती इतरांसारखंच शिकवायची. मला नवल वाटायचं. एकदा विचारलं, तर म्हणाली, "शिकू दे की. उद्या त्येच्याच तोंडानं म्हणवून घ्यायचंय मला."

असं वर्षानुवर्षं कुणी मनात धरतं का, असं म्हणणारे भेटायचे. त्यांना ती सांगायची, "देव काय विसरत न्हाय म्हणतात न्हवं? मग मी कशाला विसरू? मी काय देवापरास मोठी हाय?"

किप्पूरच्या उपासाच्या आधी आम्ही एकमेकांची माफी मागतो. एका वर्षी मुकादम स्वतः शहापुरात आले, हातात पुऱ्यांचं ताट. मी तिथंच बसलो होतो. "रिबका, काय चुकलंमाकलं असंल तर..." त्यांनी सुरुवात केली. आक्का उठून उभी राहिली. "काय चुकलं ते म्हणा की, मुकादम. नाव घ्या."

मुकादम उंबऱ्याकडं बघत म्हणाले, "सगळंच गं, हेच की." आणि ताट ठेवून गेले.

आक्कानं पुऱ्या गल्लीतल्या कुत्र्यांना घातल्या. "सगळंच म्हणं! बापाचं नाव घ्यायला जीभ वळत न्हाय. न मागता वाटायला माफीची धर्मशाळा उघडलीया काय मी?" पण त्या दिवशी नाव घेतलं असतं, तर तिनं माफ केलं असतं. हे मी शपथेवर सांगतो.

मी पुढं निपाणीला हायस्कुलात मास्तर झालो. शुक्रवारी दुपारची एसटी धरून यायचो, आक्काकडं उतरायचो, रविवारी परत. वर्षं गेली. कुणी इस्रायलला गेलं, कुणी पुण्याला, कुणी मातीत. शेवटी धड दहा पुरुष उरले ते मुकादम आणि मी धरून.

आणि एका शुक्रवारी सकाळी हनोक मुकादम गेले.

डॅनियलचा फोन मी वर्गात असताना आला. "एली, आजच पुरायला पाहिजे. संध्याकाळी शब्बाथ लागतोय, मग पुरता येत न्हाय. पुण्याला गेलेले एक म्हातारबा परवाच कायमचे परतलेत, ते आणि तू धरून दहा होतात. ये बाबा." मी येतो म्हणालो. पाच मिनिटांत आक्काचा फोन. "स्टँडवरनं सरळ माझ्याकडं ये. माझ्याबरोबर जायचं."

आप्पांना जाऊन एकवीस वर्षं झाली होती. आक्कानं लग्नाला जावं तशी इरकल साडी नेसली होती. आम्ही रिक्षानं कबरस्तानात पोचलो तेव्हा दिवस कलला होता. मुकादमांना कबरीत उतरवून माती लोटलेली. नऊ पुरुष गेटाकडं डोळे लावून बसलेले. मी आत पाऊल टाकणार तोच आक्कानं माझं मनगट धरलं. त्याच दगडाजवळ.

डॅनियल धावत आला. "आक्का, सोड त्येला. येळ होतोय."

"आधी माझ्या बापाचं," आक्का म्हणाली. "त्येच्या कबरीवर. तू म्हणायचं."

डॅनियलनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली, पण मनगट सोडवून घेतलं नाही. मग तो गेला, शिमोनआप्पांच्या कबरीपुढं उभा राहिला. आक्का माझं मनगट धरूनच मागोमाग आत आली आणि त्यानं कद्दिश म्हटला. आम्ही नऊ जणांनी आमेन म्हटलं. एक शब्द चुकला नाही त्याचा. आक्कानंच शिकवलेलं. ती रडत नव्हती. मोजत होती. आप्पा गेल्यापासून दहाव्या शब्दापर्यंत गेलेली मी तिला प्रथमच बघितली.

इथं संपायला हवं होतं. डॅनियल आपल्या बापाच्या कबरीकडं वळला. आक्का मला म्हणाली, "एली, चल."

"आक्का!" डॅनियल ओरडला. "आता आमच्या बापाचं!"

"तुझ्या बापानं माझ्या बापाला एकवीस वर्षं ताटकळत ठेवला. तुला एका दिवसात पाहिजे व्हय? एकवीस वर्षांनी ये."

मी गेलो तिच्याबरोबर. कुणी मला ओढत नेलं नाही, माझ्या पायांनी गेलो. मागं नऊ माणसं उभी होती आणि उन्हं झाडांच्या शेंड्यावर आली होती. घरी येऊन आक्कानं शब्बाथचे दिवे लावले, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हटली आणि नारळाच्या दुधातली माशांची आमटी भातावर घेऊन दोनदा वाढून घेतलं. इतकी भुकेली मी तिला कधी बघितली नव्हती.

पुढं शब्बाथला डॅनियल बापाच्या कद्दिशसाठी उभा राहिला की मी उठून व्हरांड्यात जायचो. पान खात नव्हतो, नुसता कठड्याला टेकायचो. मुकादम करायचे तेच मी करत होतो. कळत नव्हतं असं नाही. कळत होतं आणि गोड लागत होतं. आत डॅनियल मुकाट्यानं खाली बसायचा. बाप गेला, पण प्रार्थनेचा हॉल काही त्यानं बंद केला नाही, एवढं त्याच्या पदरात घालायला हवं.

अशी चार वर्षं. मग आक्काचं दुखणं आलं. शेवटच्या आठवड्यात मी रजा काढून शहापुरातच होतो. मशीनवर चादर घातलेली होती. आक्कानं मला खाटेजवळ बोलावलं.

"डॅनियल गेटात उभा ऱ्हाईल, बघ. त्या दगडावर."

"मी आणतो त्याला आत."

"कसा आणशील? तो म्हणंल, आधी माझ्या बापाचं. आणि तू म्हणशील, कारण तू भोळा हाईस." तिनं माझं मनगट धरलं, तसंच. "त्येच्या बापाचं म्हणलास, तर माझं म्हणू नकोस. माझ्या कबरीवर उभाबी ऱ्हाऊ नकोस. कळलं का रं?"

मी म्हटलं, "आक्का, तुला कद्दिश नको?"

तिचे डोळे भरले. "नको कसा? मलाबी पाहिजे की. लई पाहिजे." मग भिंतीकडं तोंड केलं. "पर त्या किमतीला नको."

ती बुधवारी गेली. माती मीच लोटली. मागं वळलो आणि तिच्यासारखंच ओठ न हलवता मोजायला लागलो. नवव्या शब्दावर माणसं संपली. गेटाबाहेर बघितलं. डॅनियल दगडावर उभा होता, बापाचीच पांढरी टोपी, हात मागं.

मी गेलो त्याच्याकडं.

"डॅनियल, तिनं तुला वाचायला शिकवलं."

"शिकवलं. म्हणून तर आलोय. आधी माझ्या बापाचं म्हण, एली. एकदाच. मग हिचं मी म्हणतो, पोटच्या पोरासारखं म्हणतो."

त्याच्या डोळ्यात खोट नव्हती. एवढंसंच तर होतं. कुणालाही पटलं असतं. मागं आठ म्हातारे माझ्याकडं आशेनं बघत होते. माझ्या मनगटावर मात्र अजून तिची बोटं होती.

"न्हाय," मी म्हणालो.

आक्काला आम्ही नऊ माणसांत पुरलं, तिच्या बापासारखं.

आता शहापुरातल्या तिच्या खोलीत मी राहतो. शब्बाथला कॅम्पातल्या हॉलच्या दारात मी उभा असतो. एकेक जण येतो, मी एकेक शब्द देतो. डॅनियल येतो तेव्हा तोंड मिटतो. तोही माझ्याकडं न बघता आत जातो. आमच्यातला एक जण आधी मरणार आणि दुसरा त्या दगडावर उभा राहणार, हे दोघांनाही पक्कं ठाऊक आहे. मी डॅनियलपेक्षा सहा वर्षांनी मोठा आहे. रोज सकाळी फिरायला जातो, गोड सोडलंय, रक्तदाबाची गोळी चुकवत नाही.