काकूंच्या दिराचा मुलगा

मुलुंडच्या त्या घरी मी सहा दिवस राहिलो, तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो. चिपळूणला सरकारी कचेरीत कारकून होतो आणि खात्याच्या परीक्षेसाठी मुंबईला आलो होतो. दोन दिवस, दोन पेपर. आधी दोनदा नापास झालो होतो आणि ही शेवटची संधी होती. मुंबईत हक्काचं कोणी नव्हतं. अशा वेळी कचेरीतले लोक एकमेकांना पत्ते देत. अमक्याकडे घरगुती सोय होते, चहा-जेवण मिळतं, आधी पत्र टाका. मीही कार्ड टाकलं. आठ दिवसांनी उत्तर आलं: ‘यावे. पांघरूण आणावे. इमारतीत कोणी विचारल्यास माझ्या दिरांचा मुलगा म्हणून सांगावे. मला काकू म्हणावे.’

काकू पंचावन्नीच्या विधवा होत्या. शिवणाचा वर्ग घ्यायच्या आणि सहाला घरी यायच्या. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या त्यांच्या नव्हत्या. मालक नागपूरला असे आणि तळमजल्यावरचे सेक्रेटरी त्याच्या वतीने लक्ष ठेवत. बाहेरची माणसं ठेवता म्हणून त्यांनी काकूंना एकदा ताकीद दिली होती. पुन्हा आढळलं तर मालकाला कळवणार, मग जागा खाली करायची. काकूंनी हे मला पहिल्याच संध्याकाळी सांगितलं. “दिराचा मुलगा म्हटलं की आडनाव तेच. कोणी खोलात शिरत नाही,” त्या म्हणाल्या.

खरं काय ते समोरच्या बाईंना तेवढं माहीत होतं. काकूंच्या घराची किल्ली त्यांच्याकडे असे. बारा वर्षांचा शेजार. एकीच्या घरी मासे आले की दुसरीच्या घरी वाटी जायची. मला पाहून त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या, “हा पुतण्या बरा आहे गं. मागचा पुतण्या फार घोरायचा.”

पहिला पेपर देऊन दुपारी दोनच्या सुमारास मी परतलो. तिसऱ्या मजल्यावर पाच-सहा माणसं उभी होती. मला पाहताच बोलणं थांबलं. समोरच्या बाईंनी पुढे होऊन माझ्या हातातली पिशवी घेतली. सेक्रेटरींच्या हातात तार होती.

“बाळ, मन घट्ट कर,” ते म्हणाले. “तुझे वडील सकाळी गेले.”

क्षणभर मला खरंच वाटलं. माझ्या वडिलांना दमा होता. पण तार माझ्या नावाची नव्हती, काकूंच्या नावाची होती. काकू घरी नव्हत्या म्हणून ती शेजारी घेतली गेली, आणि तार आली की ती उघडायचीच, तशी तेव्हा रीत होती. काकूंचे दीर गेले होते. आणि मी चार दिवस जिन्यात भेटेल त्याला त्यांचाच मुलगा म्हणून सांगत होतो.

मी तोंड उघडणार, तोच समोरच्या बाईंनी माझा दंड धरला आणि मला आत नेलं. “त्याला अंघोळ घालते आधी,” बाहेर ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या. मग मोरीपाशी, दबक्या आवाजात: “एक शब्द बोलू नकोस. मान खाली घाल. ती सहाला येईल, तोवर निभाव.”

“अहो, माझे वडील जिवंत आहेत.”

“ठाऊक आहे रे. तुझ्या बापाला काही होत नाही. हिचं घर जाईल.”

मृत्यूची बातमी कळली की अंगावरच्या कपड्यांनिशी अंघोळ करायची. त्यांनी बादली भरली. दार अर्धं उघडं होतं, बाहेर माणसं होती. मी पहिला तांब्या डोक्यावर ओतला. मनात वडिलांचं नाव घेऊन म्हणत होतो, हे तुमचं नाही, हे तुमचं नाही. बाहेर एक बाई म्हणाली, “रडत नाही हो. धक्का बसलाय.”

समोरच्या बाईंनी माझे ओले कपडे गॅलरीतल्या दोरीवर घातले, सगळ्यांना दिसतील असे.

इथपर्यंत मी निभावलं. मग सेक्रेटरी येऊन शेजारी बसले. गावच्या पाचच्या एस.टी.त जागा मिळवून देण्यासाठी ते स्वतः माझ्याबरोबर डेपोवर येणार होते. “अग्नी तुझ्याच हाताने. तुझ्यासाठी थांबतील ते,” ते म्हणाले. मी म्हटलं, काकू येऊ देत. ते म्हणाले, “त्या मागून येतील. मुलाने थांबायचं नसतं. ऊठ.”

समोरच्या बाई चहा आणायला आपल्या घरी गेल्या होत्या. खोलीत आम्ही दोघेच होतो. दुसरा पेपर उद्या अकराला होता.

मी म्हणालो, “मी त्यांचा कोणी नाही. परीक्षेसाठी उतरलोय. माझं नाव सांगू नका.”

सेक्रेटरी उठले. तार घडी करून टेबलावर ठेवली आणि निघून गेले.

काकू सहाला आल्या. तार वाचली, अंघोळ केली, ओल्या केसांनी भिंतीला टेकून बसल्या. दिरांनी त्यांना नवऱ्यामागे सांभाळलं होतं. तेवढ्यात सेक्रेटरी दारात आले. मालकाला आजच पत्र टाकतोय, एवढंच म्हणाले.

“कोणी सांगितलं?” काकूंनी विचारलं.

“मला कळलं. बस.”

ते गेल्यावर काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “मी नाही.”

समोरच्या बाई उंबऱ्यात उभ्या होत्या. “यानेच सांगितलं असणार. मी चहा आणेपर्यंत हे झालं,” त्या म्हणाल्या.

काकूंनी गॅलरीतल्या दोरीकडे बोट दाखवलं. “या परक्या माणसाने माझ्यासाठी जिवंत बापाच्या नावाने अंघोळ केली. तो सांगेल? दुसरं कोणाला माहीत होतं, तूच बोल.”

समोरच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहत होतो. त्यांनी किल्ली कोनाड्यात ठेवली आणि त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी काकू गावी गेल्या. मी पेपर दिला, पास झालो, पुढे बढती मिळाली. दोन महिन्यांत काकूंनी जागा सोडली आणि बहिणीकडे राहायला गेल्या. चार-पाच वर्षांनी तिथेच वारल्याचं कळलं. समोरच्या बाईंशी त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

बायकोला मी ही गोष्ट अनेकदा सांगितली आहे. वडिलांचं अशुभ माझ्याने सहन झालं नाही, असं सांगितलं. ती दर वेळी म्हणे, कोणीही तेच केलं असतं.

गेल्या वर्षी मी मुलुंडला गेलो. जुनी इमारत पाडून तिथे उंच इमारत झाली आहे. समोरच्या बाई तिथेच नवव्या मजल्यावर राहतात. ऐंशी ओलांडली आहे. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला आत घेतलं, पण बस म्हटलं नाही.

मी म्हणालो, “त्या दिवशी मीच सांगितलं होतं.”

“मला काय सांगतोस? मला त्याच संध्याकाळी माहीत होतं. तिला सांगायचं होतंस.” पुढे म्हणाल्या, “बापासाठी बोललास. चल, समजू शकते मी.”

तिथे हो म्हणून निघून येता आलं असतं.

“नाही,” मी म्हणालो. “वडिलांच्या नावाने अंघोळ तर करून झाली होती. मी बोललो ते दुसऱ्या पेपरासाठी.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाल्या, “माझ्या सुनेला अजून वाटतं, मीच चुगली केली. लिहून दे.”

तिथे टेबलावर बसून चार ओळी लिहून दिल्या, खाली सही केली. त्या चार ओळींत पेपराचा उल्लेख राहून गेला होता. तो इथे केला आहे.