साहेबांचा तळवा

बँकेच्या, कंपन्यांना कर्ज देणाऱ्या विभागात मी नोकरीला लागलो, तेव्हाचे हे माझे साहेब. वालीवच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या कारखान्याचा मालक छाती काढून "दोन शिफ्ट चालतात" म्हणाला, की साहेब गप्पा मारता मारता मशीनवर तळवा ठेवायचे. मशीन गार लागलं तर एवढंच म्हणायचे, "चहा मस्त होता हं." ते कर्ज मग होत नसे. मला त्या तळव्याची धास्तीच होती.

मुंबईतल्या एका परदेशी बँकेत माझी मुलाखत ठरली. साहेबांना सांगायचा धीर होईना. वालीवहून परतताना चहाच्या टपरीवर त्यांनीच विचारलं, "काय रे, पुढे काय ठरवलंयस?"

"इथंच राहणार, साहेब."

त्यांनी माझ्या हातावर तळवा ठेवला. हात गार पडला होता.

"चहा मस्त होता हं," साहेब म्हणाले.

चहा अजून आलाच नव्हता.